विद्यापीठाच्या विभागात कागद कुठे अडतो? एमए, एमएस्सी, पीएचडीला निघालेल्या गावच्या पोरा-पोरींसाठी

वर्धा : बीए, बीएस्सीपर्यंतचं कॉलेज तालुक्याला असतं. ऑफिसातला बाबू ओळखीचा, सर ओळखीचे. परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला तर शिपाईकाका बसस्टँडवर गाठून सांगतात, "अबे, उद्या शेवटची तारीख हाय." विद्यापीठाच्या विभागात गेलं की असं सांगणारं कोणी राहत नाही. तिथे नोटीस लागते, तारीख निघून जाते, आणि दिवाळीत गावी आलेला पोरगा घरी सांगतो की या हिवाळी परीक्षेला बसता येत नाही.

असं झालं की गावात बोललं जातं, "अभ्यासच करत नसन." पण बरेचदा अभ्यासाचा काही संबंध नसतो. स्थलांतर प्रमाणपत्र वेळेत दिलं नाही, शिष्यवृत्तीचा अर्ज संस्थेच्या लॉगिनमध्येच पडून राहिला, हजेरी कमी भरली, गाईड निवृत्त झाले. यातलं जवळपास सगळं टाळता येतं. फक्त ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी एमएला निघालं, त्या घरात विचारायला माणूस नसतो. ही माहिती त्या घरांसाठी.

आधी विद्यापीठ कोणतं ते पाहा

वर्धा जिल्ह्यातली पारंपरिक कॉलेजं राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाला जोडलेली आहेत. हे विद्यापीठ १९२३ चं. २०११ मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ निघालं तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे तिकडे गेले, वर्धा मात्र नागपूरकडेच राहिलं. या विद्यापीठाचे पदव्युत्तर विभाग नागपुरात आहेत आणि त्यातले बरेच अमरावती रोडवरच्या महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसरात आहेत. तिथल्या प्रशासकीय इमारतीला नाव आहे वर्ध्याच्या जमनालाल बजाजांचं. कारंजा (घाडगे) भागातल्या पोरांना हा परिसर सोपा पडतो, कारण कोंढाळीवरून येणारी बस अमरावती रोडनेच शहरात शिरते. हिंगणघाट, पुलगाव, सिंदी रेल्वेच्या मुलांसाठी रेल्वेचा पास आहे. आर्वी, आष्टीच्या मुलांचे मात्र हाल होतात. त्यांनी रोजच्या अपडाऊनचा विचार सोडून आधी वसतिगृहाचा अर्ज करावा.

दुसरं विद्यापीठ वर्ध्यातच आहे, महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय. १९७५ मध्ये नागपूरला पहिलं विश्व हिंदी संमेलन झालं, तिथे या विद्यापीठाची कल्पना पुढे आली. संसदेने कायदा केला आणि १९९७ च्या अखेरीस ते सुरू झालं. हे केंद्रीय विद्यापीठ असल्याने देशभरातली मुलं इथे येतात. जिल्ह्यातल्या पुष्कळ लोकांना मात्र ते टेकडीवरच्या इमारतींपुरतंच माहीत आहे. अनुवाद, जनसंचार, स्त्री अध्ययन, गांधी व शांती अध्ययन, समाजकार्य असे विषय घराजवळ शिकायला मिळतात. शिकवणं हिंदीतून असतं. मराठी मुलाला हिंदी बोलता येते, अडचण लिहिताना येते. मराठीत ती पुस्तक नसून ते पुस्तक असतं, हिंदीत मात्र 'पुस्तक' स्त्रीलिंगी. पहिल्या सहामाहीत अशा चुका होतातच, त्याला घाबरून परत येण्याचं कारण नाही.

इथे एक गोष्ट मुलं दरवर्षी चुकवतात. केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी एनटीए ही संस्था सीयूईटी-पीजी परीक्षा घेते. तिचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, परीक्षा मार्चच्या सुमारास होते. गावात त्या वेळी तूर आणि कापसाचे दिवस असतात आणि बीएचं शेवटचं वर्ष अजून चालूच असतं. मुलगा जूनमध्ये निकाल घेऊन चौकशीला जातो तेव्हा ती गाडी निघून गेलेली असते. शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलांनाही हा अर्ज भरता येतो, निकालाची वाट पाहायची नसते. कोणत्या अभ्यासक्रमाला ही परीक्षा लागते आणि कोणत्याला थेट प्रवेश आहे, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघावं. मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर राहू नये.

आर्वी-आष्टीकडच्या काही मुलांना वर्धा नदी ओलांडून अमरावती विद्यापीठ जवळ पडतं. हरकत नाही. पण नागपूर विद्यापीठाची पदवी घेऊन अमरावतीला किंवा हिंदी विश्वविद्यालयात गेलं की विद्यापीठ बदलतं, आणि विद्यापीठ बदललं की स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे मायग्रेशन, लागतं. ते जुन्या विद्यापीठातून काढावं लागतं. टीसी वेगळी, मायग्रेशन वेगळं. प्रवेशाच्या वेळी 'नंतर देतो' असं लिहून देणारे पोट्टे हा कागद विसरतात आणि मग परीक्षेच्या फॉर्मवर अडकतात.

मूळ कागद कोणाकडे ठेवायचे नाहीत

मूळ गुणपत्रिका आणि टीसी प्रवेशाच्या दिवशी दाखवायची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०१८ च्या अधिसूचनेत सांगून ठेवलं आहे की संस्थेने मूळ प्रमाणपत्रं पडताळून लगेच परत द्यावीत, अडकवून ठेवू नयेत. प्रवेश रद्द केला तर फी परत करण्याचे टप्पेही त्यात आहेत. प्रवेशाची शेवटची तारीख उलटल्यावर १५ दिवसांच्या आत रद्द केला तर ८० टक्के आणि ३० दिवसांच्या आत केला तर ५० टक्के फी परत मिळते, त्यानंतर काही नाही. म्हणजे दुसरीकडे नंबर लागला असेल तर प्रवेश रद्द करण्याचा अर्ज त्याच दिवशी द्यायचा. पुढच्या सोमवारी जाऊ म्हणून थांबलं की हजारो रुपये जातात.

सगळ्या कागदांचे साफ फोटो काढून डिजिलॉकरमध्ये किंवा स्वतःच्या ईमेलमध्ये ठेवावेत. फोन हरवला की व्हॉट्सॲपमधले फोटोही जातात.

विभागात कोण काय करतं

गावचा मुलगा विभागात गेला की तो आधी विभागप्रमुखांची केबिन शोधतो. बहुतेक कामं मात्र तिथे होत नाहीत. विभागप्रमुख, ज्यांना सगळे एचओडी म्हणतात, ते सही करतात आणि निर्णय घेतात. अर्ज तयार करणं, फाईल पुढे पाठवणं, बोनाफाईड देणं, शिष्यवृत्तीचा अर्ज लॉगिनमधून पुढे ढकलणं, हे सगळं विभागाच्या कार्यालयातले कर्मचारी करतात. त्या माणसाशी नमस्कार-चमत्कार ठेवणं ही लाचारी नाही. वर्षभरात ज्याच्याकडे दहा वेळा जायचं त्याचं नाव तरी माहीत असावं. दुपारी जेवणाच्या वेळेत जाऊन खिडकीवर हुज्जत घालू नये, आणि शेवटच्या तारखेला तर मुळीच जाऊ नये, त्या दिवशी तिथे शंभर जण असतात.

विभागाच्या वर विद्यापीठ आहे. परीक्षा आणि निकाल परीक्षा विभागाकडे, पैसे वित्त विभागाकडे, पीएचडीची नोंदणी पीएचडी कक्षाकडे आणि सगळ्या कारभाराचे प्रमुख कुलसचिव. निकालात चूक असेल तर सरांकडे रडून उपयोग नाही. अर्ज विभागामार्फत परीक्षा विभागाकडे जायला हवा. 'मार्फत' हा शब्द महत्त्वाचा आहे. थेट वर पाठवलेला अर्ज बरेचदा फिरून विभागाकडेच येतो आणि त्यात महिना जातो.

आणि आता सगळ्यात कामाची गोष्ट. अर्ज कधीही एका प्रतीत द्यायचा नाही. दोन प्रती न्यायच्या. एक कार्यालयात द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. यालाच पोच म्हणतात. शेतसाऱ्याची पावती जपून ठेवणाऱ्या बापाला हे सांगावं लागत नाही, पण त्याचाच पोरगा विद्यापीठात तोंडी सांगून परत येतो. सहा महिन्यांनी कार्यालय म्हणतं, अर्ज आलाच नाही. हातात पोच असेल तर बोलणं वेगळं होतं, नसेल तर होतच नाही. शिक्का द्यायला कोणी टाळत असेल तर तोच अर्ज ईमेलने विभागाच्या अधिकृत पत्त्यावर पाठवावा किंवा स्पीड पोस्टाने धाडावा. पोस्टाची पावती हीसुद्धा पोचच.

अर्ज लांब नको. समजा, गुणपत्रिकेत नाव चुकलं आहे, तर एवढं पुरे: "प्रति, मा. परीक्षा नियंत्रक. मार्फत, मा. विभागप्रमुख. विषय : एमए द्वितीय सत्राच्या गुणपत्रिकेतील नाव दुरुस्तीबाबत. महोदय, माझ्या गुणपत्रिकेत आडनाव चुकीचे छापले आहे. पदवीची गुणपत्रिका व आधार यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. कृपया दुरुस्ती करून नवी गुणपत्रिका द्यावी." खाली नाव, आसन क्रमांक, नोंदणी क्रमांक, मोबाईल, तारीख. घरची परिस्थिती, बाबांचं आजारपण यात लिहायची गरज नाही.

विभागाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो. तो सोयीचा आहे, पण तो नोटीस बोर्ड नाही. ग्रुपवर तारीख वाढल्याचा निरोप आला आणि वेबसाईटवर नसेल तर वाढली नाही असंच समजावं.

हजेरी, क्रेडिट आणि वेचणीचे दिवस

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यातल्या विद्यापीठांत २०२३-२४ पासून दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची रचना बदलली. पहिल्याच वर्षी संशोधन पद्धती हा विषय असतो, प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा क्षेत्रीय प्रकल्प असतो आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. पहिलं वर्ष पूर्ण करून थांबावं लागलं तर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. मिळालेली क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात जमा होतात. त्यासाठी लागणारा १२ अंकी क्रमांक डिजिलॉकरवरून काढता येतो. आधारवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव सारखं नसेल तर इथे घोळ होतो, म्हणून ती दुरुस्ती प्रवेशाआधीच करावी.

याचा साधा अर्थ असा की पूर्वीसारखं वर्षभर शेतात काम करून शेवटी महिनाभर गाईड वाचून पेपर देण्याचे दिवस गेले. अंतर्गत गुण सेमिनार, असाइनमेंट आणि प्रकल्पावर मिळतात. आणि हिवाळी सत्राची धावपळ नेमकी सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असते तेव्हाच येते. घरी मजूर मिळत नाही, पोराला बोलावणं येतं. बोलवावं लागलं तर बोलवा, पण सेमिनारची तारीख विचारून. शनिवार-रविवार जोडून चार दिवस आलेला पोरगा चालतो. पंधरा दिवस विभागातून गायब राहिलेल्याची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते आणि मग प्राध्यापकाच्या मनात असूनही काही करता येत नाही. आजारपण असेल तर डॉक्टरचा दाखला त्याच आठवड्यात द्यावा, परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही.

पैसा

महाडीबीटीवर अर्ज भरला की काम झालं, असा समज आहे. अर्ज भरल्यावर तो संस्थेच्या लॉगिनला जातो, तिथे कारकून तपासतो, मग प्रमुख मंजूर करतात, मग तो समाजकल्याण किंवा संबंधित विभागाकडे जातो. कुठेही त्रुटी निघाली की अर्ज परत येतो आणि कळतं फक्त लॉगिन केल्यावर. म्हणून दर पंधरा दिवसांनी उघडून पाहावं. बँक खातं आधारशी जोडलेलं हवं. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण वेगळं करावं लागतं, ते आपोआप होत नाही.

अनुसूचित जातीच्या मुलांसाठी केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत ती ८ लाख आहे. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम् योजना. या दोन्हीत जेवण-राहण्याचे पैसे खात्यात येतात. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, पण ती कोणत्या अभ्यासक्रमाला लागू आहे ते आधी तपासावं. मुलींना १०० टक्के फी माफ ही २०२४ ची घोषणा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या एमएला ती लागू आहे असं समजून फी न भरता बसलेल्या मुलींची पुढे पंचाईत होते.

पीएचडी : गाईड निवडताना

पीएचडीची गोष्ट वेगळी, आणि इथे वर्ष नाही तर पाच-सहा वर्षं पणाला लागतात.

नियम यूजीसीचे आहेत, ७ नोव्हेंबर २०२२ चे. दोन वर्षांच्या एमएला ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रिमीलेअर ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि दिव्यांगांना ५ टक्के सूट आहे. किमान कालावधी ३ वर्षं आणि कमाल ६. त्यापुढे पुनर्नोंदणी करून २ वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना आणखी २ वर्षांची सवलत आहे, शिवाय महिलांना बाळंतपण व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा. एमफिल बंद झालं आहे. पत्राद्वारे किंवा ऑनलाईन पीएचडी मान्य नाही, मग जाहिरात कितीही चकचकीत असो. बोगस विद्यापीठांची यादी यूजीसी दरवर्षी काढते, तिच्यात नागपूरच्या एका संस्थेचंही नाव अनेक वर्षं आहे. पैसे भरण्याआधी ती यादी बघायला दोन मिनिटं लागतात. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी मात्र करता येते, त्यासाठी नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत लागतं.

प्रवेश विद्यापीठाच्या परीक्षेतून किंवा नेटच्या गुणांवर होतो. २०२४ पासून नेटमध्ये 'फक्त पीएचडी प्रवेश' अशी वेगळी पात्रताही मिळते, पण ती एक वर्षच चालते. त्यात नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं. वरच्या यादीत येऊन जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे. जेआरएफ नसेल तर बार्टी, सारथी आणि नागपूरला मुख्यालय असलेली महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिराती आपापल्या प्रवर्गाप्रमाणे पाहाव्यात.

आता गाईड. गावचा मुलगा गाईड निवडताना नाव किती मोठं ते बघतो. त्याआधी दोन साध्या गोष्टी विचाराव्यात. पहिली, जागा आहे का. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थीच असू शकतात. दुसरी, निवृत्ती कधी. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ राहिला आहे त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. हा प्रश्न सरांना तोंडावर विचारायला संकोच वाटतो, पण विभागाच्या कार्यालयात सहज कळतं.

त्याहून चांगला उपाय म्हणजे त्या गाईडकडे आधी पीएचडी केलेल्या दोघांना भेटणं. किती वर्षं लागली, सर प्रकरण वाचायला किती दिवस लावतात, बोलताना कसे आहेत. शोधगंगा नावाच्या वेबसाईटवर देशभरातले प्रबंध मोफत वाचता येतात. त्यात गाईडचं नाव टाकलं की त्यांच्या हाताखाली काय काम झालं ते दिसतं. दोन-तीन प्रबंध चाळले की आपल्याला हे जमेल की नाही याचा अंदाज येतो. आणि आपण घेतलेल्या विषयावर आधीच चार जणांनी काम केलं आहे का, तेही कळतं.

गाईडशी नातं गुरू-शिष्याचं असावं हे खरं. पण सरांच्या घरी भाजी पोचवणं, पोरांना शाळेतून आणणं, बँकेत रांग लावणं हा पीएचडीचा भाग नाही. एखाद्या वेळी मदत करणं माणुसकी आहे. दर आठवड्याला तेच होत असेल तर विद्यार्थ्याने संशोधन सल्लागार समितीची बैठक धरून ठेवावी. नियमाप्रमाणे ही समिती असतेच आणि दर सत्राला तिच्यासमोर कामाचं सादरीकरण करायचं असतं. तो अहवाल लेखी असतो. ज्याचे सगळे अहवाल वेळेवर झाले आहेत त्याला 'याने कामच केलं नाही' असं म्हणणं कोणालाही जड जातं. गाईडशी झालेलं बोलणंही त्याच संध्याकाळी दोन ओळींच्या ईमेलने कळवण्याची सवय ठेवावी: "सर, आज सांगितल्याप्रमाणे दुसरे प्रकरण महिनाअखेर देतो." यात भांडण काही नाही, नोंद मात्र राहते.

मुलींच्या घरच्यांनी एक कलम लक्षात ठेवण्यासारखं आहे. लग्न झालं, दुसऱ्या शहरात जावं लागलं, म्हणून पीएचडी सुटलीच पाहिजे असं नाही. २०२२ च्या नियमांत महिला संशोधकाला लग्नामुळे किंवा अन्य कारणाने स्थलांतर करावं लागलं तर काही अटींवर आपलं संशोधनाचं साहित्य नव्या विद्यापीठात नेता येतं. सोयरीक जमवताना हे मुलाकडच्यांना आधी सांगितलं तर बरं.

लिहिताना चोरी नको. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष देता येत नाही आणि त्याहून जास्त असेल तर नोंदणीच रद्द होते. 'प्रबंध लिहून देऊ'वाल्यांचे नंबर झेरॉक्सच्या दुकानाबाहेर चिकटवलेले असतात. ते पैसे घेऊन दुसऱ्याचंच उतरवून देतात, आणि पकडला जातो तो ज्याचं नाव वर असतं. तसंच काही हजार घेऊन आठ दिवसांत लेख छापणारी मासिकं. यूजीसीने २०२२ च्या नियमांत लेख छापण्याची सक्ती काढून टाकली आहे. विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल तर तेवढीच पाळावी.

विषय वावराच्या बांधावर

नागपूर-मुंबईच्या मुलाकडे नसलेलं एक भांडवल वर्ध्याच्या मुलाकडे आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद झाली आणि तिच्यातून नई तालीम निघाली. ज्या सेवाग्रामला सहलीने जाऊन मुलं फोटो काढतात, तिथे शिक्षणशास्त्राचं अख्खं एक प्रकरण घडलं. पवनारला विनोबांचा आश्रम आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला आष्टीत जे घडलं ते ऐकलेल्या घरांमध्ये आजही आठवणी आहेत, पण त्या सांगणारी पिढी भराभर जात आहे. सेलू तालुक्यातला बोर व्याघ्र प्रकल्प २०१४ मध्ये झाला. वाघ, रानडुकरं आणि कास्तकाराचं पीक हा तिथल्या गावांचा रोजचा विषय आहे. हिंगणघाटचा कापूस बाजार आणि जिनिंग, सालदारीची मोडत गेलेली पद्धत, वेचणीला जाणाऱ्या बायांची मजुरी. यातला कोणताही विषय घ्यायला विमानाचं तिकीट लागत नाही. आजीशी बोलता येणं ही इथे पात्रता आहे, आणि ती पुस्तकातून येत नाही.

अन्याय झाला तर

आधी विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज, पोच घेऊन. तिथे दाद मिळाली नाही तर प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. यूजीसीच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे या समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं, आणि त्यांनी ३० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचा असतो. लोकपाल पेपर पुन्हा तपासत नाहीत. गुण कमी वाटतात एवढ्यावर तिथे काही होत नाही. तपासणीत ठळक गडबड किंवा भेदभाव झाला असेल तरच ते ऐकतात.

गुणांसाठी मार्ग वेगळा आहे. विद्यापीठाने दिलेल्या मुदतीत छायाप्रत आणि फेरतपासणीचा अर्ज करावा. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहिती अधिकारात आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं. अर्जाला १० रुपये लागतात, कोर्ट फी स्टॅम्प लावून चालतो, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. मुलीला कोणी त्रास देत असेल तर विभागात मिटवू म्हणणाऱ्यांचं न ऐकता अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी. वसतिगृहात रॅगिंग होत असेल तर १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय क्रमांक मोफत आहे आणि दिवसरात्र चालू असतो. आईवडिलांनीही तो आपल्या फोनमध्ये ठेवावा, कारण पहिल्या महिन्यात पोरं घरीच फोन करतात.